बाहेरून मागवलेलं औषध थेट नष्ट करण्याचा अधिकार सरकारला असावा का?

माळरान : अमेरिकेत २०१२ च्या कायद्याने एफडीएला, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला, एक अधिकार मिळाला. परदेशातून आलेलं औषध नियमात बसत नाही म्हणून नाकारलं गेलं आणि त्याची किंमत २,५०० डॉलरपर्यंत असली, तर ते परत न पाठवता नष्ट करता येतं. त्याचे नियम २०१५ मध्ये आले. आता एवढ्या किमतीचं औषध कोण मागवतं? बहुतेक वेळा स्वतःपुरत्या गोळ्या पोस्टाने मागवणारा पेशंटच. जप्तीला माझी हरकत नाही. पण जप्त केलेलं परत देता येतं, नष्ट केलेलं नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर कॅनडातल्या परवानाधारक दुकानातून घेतलेलं औषध आणि तळघरात भरलेल्या कॅप्सूल, दोन्हींना एकच शिक्षा? माझ्या लेखी हा अन्याय आहे.

खलबत्ता : पूर्णपणे असहमत. आधी काय चालायचं ते बघा. नाकारलेलं पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जायचं आणि त्यातली काही तीच औषधं घेऊन पुन्हा दारात यायची. पकडायचं, परत पाठवायचं, पुन्हा पकडायचं. विकणाऱ्याचं जात काय होतं?
आणि अधिकार तोकडा असला की काय होतं ते १९३७ मध्ये दिसलंय. अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं औषध डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून पातळ औषध म्हणून विकलं गेलं. शंभरावर माणसं गेली, त्यात लहान मुलं कितीतरी. औषध विषारी आहे एवढ्यावरून ते ताब्यात घ्यायची सोय कायद्यात नव्हती. बाटलीवर 'एलिक्झिर', म्हणजे अल्कोहोल असलेलं औषध, असं लिहिलं होतं आणि आत अल्कोहोल नव्हतं, म्हणून लेबल चुकीचं असल्याच्या कारणावरून माल उचलता आला. लेबलवरचा शब्द वेगळा असता तर? हे वाचलं की आजही पोटात गोळा येतो.

माळरान : १९३७ चं औषध देशातच बनलेलं होतं, आणि ते उचलायला मी कधीच विरोध केला नसता. ते विष होतं! मी बोलतोय ते फक्त मान्यता नसलेल्या औषधांबद्दल. परदेशी लेबलचं औषध, आतला घटक तोच असला तरी, तिथे 'अमान्य' ठरतं. खोट औषधात नाही, कागदात आहे.

पाणंद : माळरान, आत तोच घटक आहे हे पार्सल बघून तुम्हाला कसं कळणार? २०१२ मध्येच कर्करोगावरच्या अ‍ॅव्हॅस्टिनच्या बनावट कुप्या अमेरिकेतल्या दवाखान्यांपर्यंत पोचल्या होत्या. मूळ औषधाचा अंशही नव्हता त्यात. डॉक्टरांना ओळखता आलं नाही, तिथे घरी खोकं उघडणारा माणूस काय ओळखणार?

माळरान : त्या कुप्या घाऊक विक्रेत्यांच्या साखळीतून आल्या होत्या, पाणंद. पेशंटचं छोटं पार्सल नष्ट करून ती साखळी तुटत नाही.

ओंजळ : मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. नष्ट करण्याआधी नोटीस द्यावी लागते, म्हणणं मांडायची संधी असते, हे माळरान यांनी सांगायला हवं होतं. पण आजारी माणूस सरकारी नोटिशीला मुद्देसूद उत्तर कुठून देणार? स्वतःपुरतं, साधारण तीन महिन्यांचं औषध कधीकधी सोडलंही जातं, पण तो हक्क नाही, अधिकाऱ्याची मर्जी. आणि तेही देशात प्रभावी उपचार नसेल तर. परवडत नाही हे कारण त्यात बसत नाही. खरं दुखणं तिथेच आहे.

खलबत्ता : मग किमतीचं भांडण किमतीच्या कायद्याने सोडवा. जानेवारी २०२४ मध्ये एफडीएने फ्लोरिडा राज्याच्या कॅनडातून औषधं आणण्याच्या योजनेला मंजुरी दिली, त्यात औषधांची तपासणी सक्तीची आहे. रस्ता असा काढावा. दाराची कडी काढून नव्हे.

माळरान : ती योजना राज्य सरकारची आहे. एकट्या पेशंटला त्यातून काय? कडी असू द्या. माझी मागणी एवढीच आहे की नोटिशीत स्पष्ट लिहावं: औषधात खोट सापडली की फक्त मान्यता नाही? दुसरं असेल तर नष्ट करण्याआधी त्याच्या डॉक्टरला एक फोन करा.