येळवस: बटईनं दिलेल्या शेतात आम्ही कोप करावी का?

प्रश्न

आमचं शेत औसा तालुक्यात, साडेतीन एकर. येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येचा आमचा शेतातला सण. आजी होती तोवर तो तिचा. आदल्या रात्री चुलीवर भज्जी, म्हणजे दाण्यांची-भाज्यांची मिसळ, चढायची. सकाळी बाबा आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं, डोक्यावर घेऊन बांधानं चालायचे, मागं आम्ही पोरं. कडब्याच्या खोपीत, म्हणजे कोपीत, चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. पूजा झाली की आजोबा आंबील शिंपडत ज्वारीभोवती फिरायचे आणि आम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचो, "होलग्या होलग्या, सालम पोलग्या!"

तीन वर्षांपूर्वी आजी गेली. शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलंय, मी पुण्यात. यंदा आईला आणि सहा वर्षांच्या लेकीला घेऊन जायचंय. पण ज्या जमिनीत आपण घाम गाळत नाही, तिथं आपण कोप करावी का? बटईदार काकांना वाईट वाटेल का? आणि भज्जी नेमकी कशी करायची?

निलंग्याची लेक

भज्जीला माप नसतं, शिवारात जे असेल ते पडतं. तुरीचे, वाटाण्याचे, पावट्याचे दाणे, हरभऱ्याचे सोले, भिजवलेले शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, बोरं. हिरवी मिरची आणि लसूण भरपूर. चिंचेच्या कोळात बेसन कालवून शेवटी सोडायचं आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे गोळे, हवेतच.

आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ रात्रीच ताकात भिजवा, सकाळी शिजवा. पूर्ण गार झाल्यावर आणखी ताक, वाटलेलं लसूण-जिरं, मीठ. गरम असताना ताक ओतलंत तर फाटेल. बिंदगं मातीचंच घ्या, स्टीलच्या डब्यात ती चव येत नाही.

भालकीकर

आमच्याकडे बीदर जिल्ह्यातही हाच सण. कन्नड शेजारी त्याला 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात, एळ्ळु म्हणजे तीळ. लेकीला हेही सांगा.

तारीख पंचांगात बघूनच रजा टाका. मार्गशीर्ष अमावस्या इंग्रजी महिन्याला धरून चालत नाही. 2024 मध्ये ती 11 जानेवारीला आली आणि पुन्हा 30 डिसेंबरला. माझा भाऊ डिसेंबर धरून बसला आणि जानेवारीची चुकली.

शेतकरी, उमरगा

मी स्वतः दुसऱ्याचं रान बटईनं करतो, म्हणून बोलतो. मालक येळवशीला आला तर वाईट कशाला वाटेल? वाईट वाटतं ते तो फक्त माल वाटून घ्यायला येतो तेव्हा. पण तुमची वेगळी कोप करू नका. एका रानात एकच कोप. आधी त्यांना विचारा, कडबा त्यांचा असतो. पूजेला त्यांच्या घरच्या बाईला आईशेजारी बसवा आणि पहिलं ताट त्यांना वाढा.

आणि जेवून लगेच पुण्याला पळू नका. अंधार पडल्यावर हेंडगा, म्हणजे कडब्याची मशाल, पेटवून रानाभोवती फिरवतात, ते पोरीला बघू द्या.

प्रश्नकर्ती

काकांना आत्ताच फोन केला. म्हणाले, "कडबा मी ठेवतो, बिंदगं तुमचं आणा. म्हातारीचं होतं तेच." ते माळ्यावर आहे, आई काढतेय. भज्जीचं तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "बोरं नाही घालायची तुझी आजी. चिंचच, आणि थोडा गूळ."