बान मी मागवताना डुकराचे मांस कसे टाळावे? मदत हवी आहे

नमस्कार. पुण्यात बान मी (व्हिएतनामी सँडविच) मागवताना डुकराचे मांस पूर्णपणे कसे टाळावे, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. माझ्या सासूबाई ते धर्मश्रद्धेने वर्ज्य मानतात, त्यामुळे केवळ ‘चिकन’ लिहिलेले पाहून मागवणे मला योग्य वाटत नाही. कारण पावाला आतून लावले जाणारे पॅटे (मांसाचे मऊ वाटण) बहुधा डुकराच्या यकृताचे असते आणि चा लुआ हे सॉसेजसारखे फिकट काप तर मुळातच डुकराच्या मांसाचे असतात. (मांसाहारी पदार्थावरील खुणेवरून नेमके मांस कोणते, हे कळत नाही.) पॅटे वगळले तरी सुरी आणि तवा तेच वापरले जातात का, हे कोणाला आणि कसे विचारावे? कोरेगाव पार्क परिसरातील कोणाचा खात्रीशीर अनुभव आहे का?