'इन्ट्यूशन' आणि 'इन्स्पिरेशन': छायाचित्रकाराच्या तोंडी कोणते शब्द घालावेत?

प्रश्न
छायाचित्रकारांच्या मुलाखतींचा अनुवाद करते आहे. हे दोन शब्द सतत जोडीने येतात. कोशात पहिल्याला 'अंतःप्रेरणा' आणि दुसऱ्याला 'प्रेरणा'. एकाच वाक्यात दोन्ही आले की अर्थाचा चिखल होतो. 'अंतर्ज्ञान' लिहिलं तर माणूस थेट समाधीत बसल्यासारखा वाटतो!

प्रतिसाद १
'प्रेरणा'चं मूळ प्र + ईर्, म्हणजे पुढे ढकलणे. ढकलणारं काहीतरी लागतं: जुनं चित्र, गुरू, पावसातली गल्ली. 'इन्स्पिरेशन'ला ती ठीक आहे.

'स्फुरणे' मुळात थरथरणे. बाहू स्फुरतात ते हेच. पण कवीला ओळ स्फुरते, तसा फोटो स्फुरला असं कुणी म्हणत नाही. फोटो आपण टिपतो. चिमणी दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो. टिपायची वस्तू आधीपासून बाहेर असावी लागते. म्हणून 'इन्ट्यूशन'ला स्फूर्ती नको.

प्रतिसाद २
मी 'चाहूल' सुचवेन. आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यात शटर उघडताना आरसा वर जातो आणि क्षणभर व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, काळा होतो. हवा तो क्षण डोळ्याला दिसला, म्हणजे फिल्मवर आला नाही. बोट आधीच हलायला हवं. येणाऱ्याची पावलं ऐकू येतात, तो अजून दारात नसतो, तेच हे.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँचं १९५२ चं पुस्तक पाहा. आपण 'निर्णायक क्षण' म्हणतो ते इंग्रजी नावावरून. फ्रेंच नाव 'इमाज आ ला सोव्हेत'. 'आ ला सोव्हेत' म्हणजे परवाना नसलेला फेरीवाला पोलीस दिसताच गाठोडं उचलायच्या तयारीत धंदा करतो, तसं. केवढा फरक! एका नावात न्यायाधीश बसलाय, दुसऱ्यात सावध कान. पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे १९३२ मध्ये डबक्यावरून उडी मारणारा माणूस कार्तिए-ब्रेसाँने फळ्यांच्या फटीतून टिपला. फट इतकी अरुंद की चित्राची डावी बाजू कापावी लागली. तिथे निर्णय घ्यायला सवड कुठली?

प्रतिसाद ३
'चाहूल' पटली. पण काम तिथे संपत नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखराने प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले: निर्मिणारी कारयित्री आणि रसिकाची भावयित्री. कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे रोलचे छत्तीस फोटो छोट्या आकारात एकत्र छापलेल्या कागदावर, भिंग धरून एकाच चौकटीवर खूण करताना छायाचित्रकार स्वतःचाच रसिक होतो. निवडीबद्दल बोलताना तो 'इन्ट्यूशन' म्हणत असेल, तर तिथे 'चाहूल' चुकीची. क्षण येऊन गेलेला असतो. तिथे 'जाण' लिहा.

मूळ प्रश्नकर्ती
हे लक्षातच आलं नव्हतं. दोन्ही ठिकाणी मी एकच शब्द दामटत होते. 'इन्ट्युटिव्ह'ला 'उत्स्फूर्त' चालेल?

प्रतिसाद २
नको. उत्स्फूर्त टाळ्या असतात, त्यामागे वाट पाहणं नसतं. विशेषण सोडा, क्रियापद घ्या: 'चाहूल लागली आणि बटण दाबलं.'