मदत हवी आहे: ज्यू डेलीतली पस्ट्रामी कोरडी का होते?

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या आमच्या भागातल्या जुन्या ज्यू डेलीबद्दल (तयार मांस आणि सँडविच विकणारं दुकान) गिऱ्हाइकांची कुरकुर वाढली आहे. पस्ट्रामी (खारवून, धुरी देऊन वाफवलेलं गोमांस) कोरडी आणि चिवट, राय ब्रेड दुपारपर्यंत वातड, काकडीचं लोणचं नुसतंच आंबट. दुकान टिकायला हवं, म्हणून मालकांना नेमकं काय सांगावं ते ठरवायचं आहे.

माझ्या मते मूळ दुखणं वाफेचं आहे. मांस खारवून, धुरी देऊन झाल्यावर आतलं तापमान साधारण ९५ अंश सेल्सियसला पोचेपर्यंत वाफवलं, तरच त्यातला चिवटपणा विरघळतो. इथे घाई दिसते. शिवाय मशीनवर पातळ काप आधीच काढून ठेवतात, त्यामुळे ते सुकतात. मॅनहॅटनमधल्या १८८८ सालच्या कॅट्झ या डेलीत आजही ऑर्डर आल्यावर हातानेच काप काढतात. सुरी मांसाच्या धाग्यांना आडवी चालली पाहिजे, हे महत्त्वाचं. अर्धवट आंबवलेली काकडी तर मिठाच्या पाण्यात लसूण आणि शेपूबरोबर मुरते, व्हिनेगर लागतच नाही.

डेलीच्या स्वयंपाकघरात काम केलेलं कुणी आहे का? गिऱ्हाईक कमी असताना वाफपेटीत मांस किती तास चांगलं राहतं? आणि छातीऐवजी पोटाकडचं चरबीदार मांस वापरल्यास कोरडेपणा कितपत कमी होईल?