सीलाकँथ दूरच, कपाटातली कसर पाहा
कोट्यवधी वर्षे ‘जसाच्या तसा’ टिकलेला प्राचीन जीव पाहायचा तर खोल समुद्रात किंवा संग्रहालयातच जावे लागते, असे म्हटले जाते; हे मत मला पटत नाही. फार पूर्वीच नामशेष झाला असे मानलेला सीलाकँथ हा मासा १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जिवंत सापडला आणि त्याचे कौतुक योग्यच आहे. परंतु ठाण्यात पावसाळ्यातील ओल धरलेले पुस्तकांचे कपाट उघडल्यास रुपेरी खवल्यांची आणि मागे तीन लांब तंतू असलेली जी कसर पळताना दिसते, तिचे घराणेही काही कमी जुने नाही.

पंखधारी कीटकांचे जीवाश्म सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात, आणि कसरीची शाखा कीटकांना पंख फुटण्यापूर्वीच वेगळी झालेली आहे. म्हणजे तिने पंख गमावले नाहीत, ते तिच्या वंशाला कधी नव्हतेच. फुलपाखरू किंवा झुरळ प्रौढ झाल्यावर कात टाकणे थांबवते, कसर मात्र आयुष्यभर कात टाकत राहते. मीलनाची पद्धतही जुन्या वळणाची आहे : नर जमिनीवर तंतू विणून त्यापाशी शुक्रपुटिका (शुक्राणूंची पुडी) ठेवतो आणि मादी ती स्वतः उचलून घेते. अर्थात, ‘जसाच्या तसा’ हा शब्दप्रयोग जपूनच वापरावा, कारण टिकला आहे तो शरीराचा आराखडा. आजच्या जाती त्या काळच्या नव्हेत. पुस्तकांच्या बांधणीतील खळ आणि कागद हे तिचे खाद्य तर फारच अलीकडचे. (माझ्या काही जुन्या दिवाळी अंकांची चाळण झाली आहे, ती वेगळी गोष्ट.)