मदत हवी आहे : स्कॉटलंडमधील सरोवरे, किल्ले आणि बेटे कमी खर्चात कशी दाखवावीत?

कृष्णाकाठ
नमस्कार. आई-बाबा सांगलीहून येत आहेत आणि त्यांना हायलँड्स (स्कॉटलंडच्या उत्तरेचा डोंगराळ भाग) व पश्चिमेकडची बेटे दाखवायची आहेत. हाताशी एक आठवडा आहे आणि पैसे मोजकेच आहेत. सहल कंपन्यांचे दर पाहून डोळे पांढरे झाल्यामुळे सगळे स्वतःच ठरवणार आहे. लॉख नेस सरोवर, आयलन डोनन किल्ला, स्काय, आयल ऑफ मल व आयोना ही बेटे आणि जमल्यास लुइस-हॅरिस बेट एवढे कसे बसवावे, ते सांगावे. महाजालावर शोधून झाले आहे, त्यामुळे "आधी शोधा" असे कृपया कोणी सुचवू नये. आरक्षणे एक-दोन दिवसांतच करायची आहेत.

डोंगरवारा
आपण महिना सांगितलेला नाही, माणसे किती ते सांगितलेले नाही, निघणार कोठून आणि गाडी कोण चालवणार तेही नाही. "मोजके पैसे" रुपयांत मोजायचे की पौंडांत, हाही प्रश्न उरतोच. जून आणि ऑक्टोबर यांत तिकडे जमीन-अस्मानाचा फरक असतो. एवढे कळल्याशिवाय दिलेले कोणतेही उत्तर म्हणजे अंधारात मारलेला दगड होईल.

घाटरस्ता
यात विचारण्यासारखे काय आहे? गाडी भाड्याने घ्यावी आणि निघावे. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असते. भाडे आणि पेट्रोल माणसांमध्ये वाटले गेले की बसपेक्षा फारसे महाग पडत नाही आणि हवे तेथे थांबता येते. स्कायचा पूल १९९५ मध्ये झाला, त्यावरचा टोल २००४ मध्ये कायमचा बंद झाला, तेव्हा बेटावर जायला फेरीबोटीचाही खर्च नाही. फक्त एकपदरी रस्त्यांची रीत शिकून घ्यावी : समोरून गाडी दिसली की आपल्या डाव्या हाताला असलेल्या रुंद जागेत शिरून थांबायचे, आणि ती जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून समोरच्याला आत येऊ द्यायचे. त्या जागांत गाडी लावून छायाचित्रे काढणाऱ्यांवर स्थानिक लोक रागावतात आणि ते रास्तच आहे.

रूळप्रेमी
घाटरस्ता यांना प्रत्येक धाग्यावर गाडीच दिसते. जो चालवतो त्याला रस्त्याखेरीज काहीही दिसत नाही, हे ते कधी सांगत नाहीत. ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून फोर्ट विल्यममार्गे मॅलेग बंदराला जाणारी रेल्वे हेच मुळात एक प्रेक्षणीय स्थळ आहे. ग्लेनफिनन येथील एकवीस कमानींच्या पुलावरून जाण्यासाठी लोक वाफेच्या इंजिनाच्या गाडीचे भारी तिकीट काढतात, पण १९०१ पासून वापरात असलेल्या त्याच पुलावरून नेहमीची प्रवासी गाडीही जाते आणि तिचे तिकीट बरेच स्वस्त असते. जाताना डावीकडच्या खिडकीत बसावे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी : क्रिअनलॅरिक स्थानकात या गाडीचे बहुधा दोन तुकडे होतात, एक ओबनला जातो आणि दुसरा मॅलेगला. चढतानाच डब्यावरची पाटी वाचली नाही, तर आई-बाबा मॅलेगला आणि पिशव्या ओबनला, असे व्हायचे.

तंबूतला_तुक्या
कमी खर्च म्हणता आणि तंबूचा विचारही करत नाही, याचे नवल वाटते. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने तंबू ठोकण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. मात्र लॉख लोमंडच्या काठावरील काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. डोंगरांतल्या निवाऱ्याच्या झोपड्याही फुकट असतात. सोबत मिज नावाच्या बारीक चावऱ्या कीटकांसाठी डोक्यावरून घ्यायची जाळी अवश्य न्यावी. वारा पडला की ते ढगासारखे अंगावर येतात.

खाडीवाला
किल्लेच पाहायचे तर सिंधुदुर्ग आणि मुरूड-जंजिरा काय वाईट आहेत? आयलन डोननचे एवढे कौतुक होते, पण मूळ किल्ला १७१९ मध्ये तोफांचा मारा करून घेतला आणि दारूने उडवला गेला आणि आज दिसतो तो १९१९ ते १९३२ या काळात पुन्हा उभारलेला आहे. आमचा जंजिरा अजून मूळच्या तटांनिशी उभा आहे.

डोंगरवारा
खाडीवाला, आई-बाबा सांगलीहून तिकडे निघाले आहेत, तिकडून मालवणला नव्हे. कृष्णाकाठ, माझे प्रश्न अजून तसेच आहेत.

कृष्णाकाठ
प्रश्नांची यादी पाहून वाटले, व्हिसाचाच अर्ज भरतो आहे. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. माणसे तीन. मी दोन वर्षांपासून ग्लासगोमध्ये राहतो, त्यामुळे निघणार तेथूनच. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, तंबूचे नावही काढू नये. दोघेही शाकाहारी आहेत. माझ्याकडे सांगलीच्या आरटीओचा परवाना आहे, तेव्हा घाटरस्ता म्हणतात तशी गाडी घ्यावी असे वाटू लागले आहे. कोणत्या आकाराची घ्यावी?

कायद्याचे_बोला
कोणत्याही आकाराची घेऊ नये. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये गाडी चालवण्याची मुभा तेथे राहायला आल्यापासून बारा महिनेच असते. आपल्याला दोन वर्षे झाली आहेत, म्हणजे तो परवाना आता तेथे चालत नाही आणि अपघात झाला तर विमाही हात वर करील. शिकाऊ परवाना काढून परीक्षा द्यावी लागते, ते या आठवड्यात होणार नाही.

घाटरस्ता
परंतु वडील पाहुणे म्हणून येत आहेत. त्यांना त्यांच्या भारतीय परवान्यावर चालवता येईल.

कृष्णाकाठ
बाबा सत्तरीला टेकले आहेत आणि त्यांनी आयुष्यभर स्कूटरच चालवली आहे. गाडीचा विषय येथेच संपवू या.

तंबूतला_तुक्या
मिजसाठीची जाळी तरी घ्याच.

डोंगरवारा
ऑक्टोबरच्या अखेरीस मिज नसतात. आता सगळी माहिती हाती आली आहे, तेव्हा मुद्द्याचे लिहितो.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बोटींचे हिवाळी वेळापत्रक सुरू होते आणि फेऱ्या घटतात. स्कायवरील डनव्हेगनसारखे किल्ले तोवर हंगाम संपवून बंद झालेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, म्हणून त्यानंतर ओबनमध्ये पाचच्या आधीच सूर्य मावळतो. दिवसाला एकच मोठी गोष्ट पाहायची, असा नेम ठेवावा. लुइस-हॅरिस यादीतून काढावे : अलापूलहून लुइसवरील स्टॉर्नोवेची बोट सुमारे अडीच तास घेते, तेथे रविवारी बरेचसे व्यवहार बंद असतात, आणि या आठवड्यात त्यासाठी जागाच नाही.

ग्लासगोहून रेल्वेने ओबन गाठावे. सुमारे तीन तास लागतात आणि वाटेत लॉख ऑ सरोवराच्या टोकावर उभे असलेले किल्चर्न किल्ल्याचे अवशेष गाडीतूनच दिसतात, म्हणजे एक किल्ला तिकिटाशिवाय पदरात पडतो. ओबनमध्ये मुक्काम ठेवून एक दिवस मल आणि आयोनाला द्यावा. मलवरील क्रेगन्युअर बंदरापर्यंतची बोट पाऊण-एक तासाची आहे आणि बंदरात शिरण्यापूर्वी डावीकडे कड्यावर डुआर्ट किल्ला दिसतो. पुढे बसने फिऑनफर्ट आणि तेथून दहा मिनिटांच्या बोटीने आयोना. पायी प्रवाशाचे भाडे गाडीसह जाणाऱ्याच्या मानाने अगदी किरकोळ असते. या काळात बस मोजक्याच असतात, म्हणून परतीची बस कोणती आणि ती चुकल्यास काय, याचा विचार सकाळीच करावा. आयोनाच्या मठापर्यंतचा रस्ता जवळजवळ सपाट आहे, आईंना जड जाणार नाही.

भूगर्भी
आयोनापर्यंत जाताच आहात, तर जवळचे स्टाफा बेटही पाहावे. तेथील फिंगलच्या गुहेतले षटकोनी बसाल्टचे खांब आणि अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब एकाच जातीचे, लाव्हा सावकाश थंड होऊन तडकल्याने बनलेले. मात्र गिल्बर्ट हिलच्या भोवती इमारती आहेत आणि स्टाफाच्या भोवती समुद्र.

डोंगरवारा
स्टाफाच्या बोटी ऑक्टोबरअखेर बहुतेक बंद होतात, चालू असल्या तरी लाटा असतील तर उतरता येत नाही, आणि उतरल्यावर पायऱ्या व ओबडधोबड खडकावरची वाट आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने ते टाळावे.

ओबनहून बसने फोर्ट विल्यमला जावे. वाटेत पाण्यातल्या इवल्याशा बेटावरचा कॅसल स्टॉकर दिसतो. रविवारी ही बस मिळेलच असे धरू नये. फोर्ट विल्यमहून इन्व्हर्नेसला जाणारी बस लॉख नेसच्या काठाने अर्कार्ट किल्ल्यापाशी थांबते आणि तो किल्ला हिवाळ्यातही उघडा असतो. नंतर फोर्ट विल्यमला परतून रेल्वेने मॅलेग, बोटीने आर्मडेल, म्हणजे स्काय. वादळी वाऱ्यामुळे ही बोट रद्द होऊ शकते, शिवाय आर्मडेलहून पुढच्या बस थोड्या असतात. तसे झाले तर फोर्ट विल्यमहूनच पुलावरून स्कायमधल्या पोर्ट्री गावाला जाणारी बस पकडावी. परतताना पोर्ट्री ते ग्लासगो ही बस डॉर्नी गावात थांबते आणि आयलन डोनन तेथून चालण्याच्या अंतरावर आहे. पुढे तीच बस ग्लेनको दरीतून जाते.

रूळप्रेमी
वडील आणि आई दोघेही साठीच्या पुढचे असतील तर ज्येष्ठांचे रेलकार्ड घ्यावे. ते पाहुण्यांनाही मिळते आणि तिकिटावर एक तृतीयांश सूट देते. दोघांची कार्डे घेण्याचा खर्च या प्रवासात कितपत भरून निघतो, हे मात्र आधी हिशेब करून पाहावे.

नवी_विद्यार्थिनी
स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या बावीस वर्षांखालील सर्वांना बसप्रवास मोफत असतो. मी कार्ड काढले आहे.

कृष्णाकाठ
मी सव्वीस वर्षांचा आहे. जेवणाचे आणि राहण्याचे कोणी सांगेल का? हॉटेले परवडणार नाहीत.

डोंगरवारा
वसतिगृहांत सामायिक खोलीऐवजी तिघांसाठी स्वतंत्र खोली मागावी. ओबन, फोर्ट विल्यमजवळील ग्लेन नेव्हिस आणि पोर्ट्री येथे अशी वसतिगृहे आहेत, मात्र ऑक्टोबरअखेर कोणते उघडे आहे ते आरक्षणाआधी पाहावे आणि खोली खालच्या मजल्यावर आहे का, हे फोन करून विचारावे. स्वयंपाकघर सामायिक असते. फोर्ट विल्यम स्थानकाशेजारीच मोठे दुकान आहे, तेथून डाळ, तांदूळ आणि भाजी भरून घ्यावी, कारण पुढे पर्याय कमी आणि महाग होत जातात. मेतकूट, लोणचे आणि कुकर आईंना घरूनच आणायला सांगावे.

घाटरस्ता
कुकर घेऊन तीन वाहने बदलायची! गाडी असती तर डिकीत पडला असता.

कृष्णाकाठ
ओबनच्या दोन आणि पोर्ट्रीच्या दोन रात्रींचे आरक्षण केले. फोर्ट विल्यमची खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, म्हणून तेथे दुसरे काही शोधतो आहे. कोणाच्या माहितीत तळमजल्यावरची खोली असल्यास सांगावे.