शेल वायूच्या विहिरी : ‘रेषीय प्रवाह’ आणि ‘सीमा’

प्रश्न : भेगा पाडलेल्या आडव्या विहिरींसंबंधी लिहिताना ‘लिनियर फ्लो’ला ‘रेषीय प्रवाह’ आणि ‘बाउंडरी डॉमिनेटेड फ्लो’ला ‘सीमानियंत्रित प्रवाह’ म्हणावे का?

उत्तर : ‘रेषीय’ चालेल, मात्र खुलाशासह. येथे वायू एकाच रेषेवरून वाहत नाही आणि उत्पादनही सरळ रेषेत घटत नाही. टेक्ससमधील बार्नेट शेलसारख्या बारीक कणांच्या खडकाची पार्यता, म्हणजे वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता, इतकी कमी असते की ती नॅनोडार्सीत (‘डार्सी’ या एककाच्या अब्जांशात) मोजावी लागते. म्हणून आडव्या विहिरीतून टप्प्याटप्प्याने, पाण्याच्या दाबाने भेगा पाडतात आणि खडकातला वायू प्रत्येक भेगेच्या पृष्ठभागाकडे काटकोनात, परस्परांना समांतर अशा मार्गांनी येतो. भेगा नसलेल्या उभ्या विहिरीकडे तो चहूबाजूंनी येतो, तो अरीय प्रवाह. रेषीय प्रवाहात, विहिरीतला दाब स्थिर असेल तर, चौपट काळ लोटल्यावर उत्पादनाचा दर निम्मा होतो. ‘समांतर प्रवाह’ हा शब्द खरे तर अधिक बोलका आहे. परंतु भेगेतून वायू सहज वाहू शकत नसेल तेव्हा भेगेतला आणि खडकातला असे दोन्ही रेषीय प्रवाह एकत्र दिसतात, आणि त्यासाठीचा ‘द्विरेषीय’ हा शब्द ‘रेषीय’शी जोडलेला असल्याने तीच जोडी ठेवावी.

‘सीमा’ या शब्दाने अधिक फसगत होते, कारण वाचकाला वायुसाठ्याची भूगर्भीय कड आठवते. प्रत्यक्षात शेजारच्या दोन भेगांमुळे घटणारा दाब मध्यावर एकमेकांना भिडतो आणि त्या मध्यप्रतलापलीकडून कोणत्याच भेगेला वायू मिळत नाही. ही सीमा विहीर आखणाऱ्यानेच ठरवलेली असते : भेगांमधले अंतर निम्मे केले, तर दाब भिडण्याचा तो क्षण साधारण एकचतुर्थांश काळात येतो. त्यानंतरही भेगांच्या टोकांपलीकडच्या खडकातून थोडाफार वायू येत राहू शकतो, म्हणून ‘नियंत्रित’ हे जरा अधिकच होते, ‘सीमाप्रभावित’ बरे.

पुरवणी : हा भेद आकडेमोडीतही भोवतो. विहिरीचे उत्पादन काळानुसार कसे घटते हे सांगणाऱ्या, आर्प्स यांच्या 1945 च्या ऱ्हाससूत्रातील ‘बी’ हा घातांक सीमाप्रभावित प्रवाहात सहसा 0 ते 1 असतो, तर रेषीय प्रवाहात तो 2 येतो. तोच कायम धरून पुढची वर्षे मोजली की हाती येणारा वायू फुगवून दिसतो. शिवाय सेंद्रिय द्रव्याच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या आणि दाब घटल्यावर सुटणाऱ्या वायूला ‘शोषित’ नव्हे, ‘अधिशोषित’ म्हणावे.